वेडाच्या भरात घडलेला अपराध

गावात एखादे भयंकर कृत्य घडते. पतीच्या हातून पत्नीचा प्राण जातो, पुत्र जन्मदात्या आईवर शस्त्र उगारतो, बाळंतिणीच्या हातून तिच्याच तान्ह्या लेकराचा घात होतो. कृत्य करणारा पळून जात नाही. कित्येकदा तो तेथेच शून्यात नजर लावून बसून राहतो. मग गावात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कोणी म्हणतो, "असल्या नराधमाला भर चौकात फाशी द्या!" कोणी कुजबुजतो, "त्याच्यात त्याचा काय दोष? बाहेरची बाधा झाली होती."

भोपाळच्या पूर्वेस, रायसेन मार्गावरील आमच्या आनंदनगरातही असे उद्गार कानी पडतात. भेलच्या कारखान्याच्या आश्रयाने या परिसरात दूरदूरच्या गावांतून कुटुंबे येऊन राहिली. त्यांचे गावाकडील आप्त अडचणीच्या वेळी येथील नातलगांचा सल्ला विचारतात, आणि अशा प्रसंगी काय सांगावे हे येथील नातलगांनाही ठाऊक नसते. यास्तव हा नाजूक विषय आज हाती घेत आहोत.

वरील दोन्ही उद्गारांना आम्ही अपुरे मानतो. पहिल्यात माणसाच्या मनाचा विचार नाही आणि दुसऱ्यात सत्याचा शोध नाही. या दोहोंच्या मधून जाणारा एक तिसरा मार्ग आहे. न्यायालय त्याच मार्गाने जाते, वैद्यकशास्त्र त्यास साहाय्य करते आणि ख्रिस्तसभेची शिकवणही त्याच दिशेस बोट दाखवते.

धर्मशिक्षणातील जुना धडा

प्रथम कम्युनियनची तयारी करताना आपणांपैकी प्रत्येकाने एक धडा पाठ केलेला आहे. महापाप घडण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी आणि ती करण्यास मनाची पूर्ण संमती असावी. यांतील एक जरी गोष्ट उणी असली, तरी कृत्य वाईटच राहते. परंतु कर्त्याच्या माथी त्याचा सगळा दोष येत नाही.

ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात, १७३५ व्या परिच्छेदात, हीच गोष्ट अधिक स्पष्ट केली आहे. अज्ञान, भीती, जबरदस्ती, जडलेली सवय आणि मनाच्या अन्य विकृती यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, किंबहुना पूर्णपणे नाहीशीही होऊ शकते, असे तेथे सांगितले आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील १३२२ वे कलम याहून पुढे जाते. ज्याची विवेकबुद्धी कायमची हरपली आहे, तो कृत्य करतेवेळी वरकरणी शहाणा दिसला तरी अपराध करण्यास असमर्थच समजावा, असा तो नियम आहे.

न्यायालयात या विषयाचा विचार ज्या शास्त्राच्या आधारे होतो, त्यास न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र म्हणतात. नाव अवघड असले तरी त्याचा मुख्य प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातलाच आहे : हे करताना याला काय कळत होते?

कायदा काय म्हणतो?

इंग्लंडमध्ये २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या इसमाने एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव होते. पाच दिवसांनी त्यांचा अंत झाला. सत्ताधारी पक्षाचे लोक आपला पाठलाग करीत आहेत, अशा भ्रमाने मॅक्नॉटनला ग्रासले होते. पंचांनी त्यास निर्दोष ठरवले आणि त्याची रवानगी वेड्यांच्या रुग्णालयात झाली. देशभर संतापाची लाट उसळली. तेव्हा उमराव सभेने न्यायाधीशांना पाचारण करून या बाबतीतील नियम स्पष्ट करून घेतला. आपल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ८४ वे कलम त्याच विचारधारेतील होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून हाच नियम आता तिच्या २२ व्या कलमात आहे.

त्याचा आशय सोप्या शब्दांत असा : कृत्य करतेवेळी मन विकल असल्यामुळे आपण काय करीत आहोत हेच ज्यास कळत नव्हते, किंवा आपण करतो ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे ज्यास समजत नव्हते, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही.

यातील "कृत्य करतेवेळी" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पूर्वी कधी उपचार झाले होते, किंवा नंतर कधी बुद्धी भ्रमिष्ट झाली, एवढ्यावर सुटका होत नाही. शिवाय वैद्याने ठरवलेला मनोविकार आणि कायद्याने मानलेली विकलता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मध्य प्रदेशातील हरिसिंग गोंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हाच भेद पुन्हा अधोरेखित केला. रोग असणे पुरेसे नाही. त्या रोगाने त्या घटकेस समज हिरावून नेलेली असली पाहिजे.

हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीच्या बाजूवर असते. तथापि सरकार पक्षास गुन्हा जितक्या निःसंशयपणे सिद्ध करावा लागतो, तितका कडक पुरावा आरोपीकडून मागितला जात नाही. त्याचे म्हणणे अधिक संभवनीय वाटले म्हणजे पुरे. १९६४ साली गुजरातेतील दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घालून दिले.

मनाच्या तपासणीचे तीन प्रसंग

न्यायालयाच्या कामात आरोपीच्या मनाचा विचार तीन निरनिराळ्या वेळी होतो. पहिला प्रश्न कृत्याच्या क्षणासंबंधी असतो. दुसरा खटल्याच्या काळासंबंधी : आपणावर कोणता आरोप आहे हे यास समजते काय, स्वतःच्या वकिलास हा माहिती देऊ शकतो काय? तिसरा प्रश्न शिक्षा झाल्यानंतर उद्भवतो. महाराष्ट्रातील तीन खटल्यांच्या आधारे हे तीनही प्रसंग पाहू.

पहिला खटला एका पोलीस शिपायाचा. त्याच्या कुटुंबाचे दुःख ध्यानी घेऊन त्याचे नाव आम्ही देत नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये पत्नी कपडे धूत असता त्याने दगडी वरवंट्याने तिच्या डोक्यावर प्रहार केला आणि तिचा अंत झाला. सत्र न्यायालयाने त्यास दोषी ठरवले. उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम राखला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २००२ साली त्याची निर्दोष सुटका झाली.

न्यायमूर्तींनी पुढील गोष्टी तोलून पाहिल्या. त्याच्या पित्यासही मानसिक आजार होता. त्याला स्वतःला घटनेपूर्वीपासून संशयप्रधान स्किझोफ्रेनिया जडलेला असून त्यावर उपचार चालू होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारांसाठी न्यावे लागले. पत्नीच्या हत्येचे कारण म्हणून जे सांगण्यात आले, ते अगदीच क्षुल्लक होते : त्याला नोकरी सोडायची होती आणि तिचा त्यास विरोध होता. कृत्य दिवसाढवळ्या घडले. त्याने लपण्याचा अथवा पळण्याचा यत्न केला नाही. यांतील कोणतीही एक गोष्ट एकटीने पुरेशी नव्हती. सर्व एकत्र जुळल्या तेव्हा सत्य दिसू लागले. वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी : रुग्णालयातील नोंदी जर नसत्या, तर या दुर्दैवी माणसाच्या बाजूने बोलण्यास फारच थोडे उरले असते.

दुसरा खटला रामन राघवचा. १९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत रात्री पदपथावर व झोपड्यांत निजलेल्या गोरगरिबांच्या हत्या होऊ लागल्या आणि सारे शहर भयभीत झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये फौजदार ॲलेक्स फियालो यांनी त्यास ओळखून अटक केली. तपासाचे सूत्रधार रमाकांत कुलकर्णी हे होते. आरोपीने चाळीसहून अधिक हत्यांची कबुली दिली. आता प्रश्न आला त्याच्या मनाचा. पोलीस सर्जनने कित्येक दिवस त्याचे निरीक्षण केले आणि त्यास मनोविकार नाही असे मत दिले. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने मात्र जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. ती कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे खास मंडळ नेमवले. मंडळाने पाच वेळा त्याच्याशी दीर्घ संभाषण केले. या जगाहून निराळे असे "कानून"चे एक जग आहे आणि आपण त्यातले आहोत, अशी त्याची पक्की समजूत त्यांना आढळली. लोक आपला छळ करू पाहतात, हा भ्रमही त्याच्या मनात खोल रुजलेला होता. पुढे त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. येरवड्यास तो बंदिवान राहिला आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला.

एकाच माणसाविषयी जाणत्या डॉक्टरांची मते इतकी भिन्न कशी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. मनाची छायाचित्रे काढता येत नाहीत, हे त्याचे उत्तर. डॉक्टरला संभाषण, दिवसेंदिवसांचे निरीक्षण, जुनी कागदपत्रे आणि नातलगांची माहिती यांवरच विसंबावे लागते. वेडाचे सोंग घेणारेही असतात. सोंग घेणारा बहुधा आपले वेड पुढे पुढे करून दाखवतो आणि पाहणारे गेले की थकून स्वस्थ होतो. खरा रुग्ण पुष्कळदा आपला आजार नाकारतो. यास्तव एका भेटीत मत देण्याची घाई जाणता डॉक्टर करीत नाही. आणि अखेरचा निर्णय डॉक्टरचा नव्हे, तर न्यायाधीशाचा असतो.

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. पापनिवेदनात धर्मगुरूंस सांगितलेले कोणापुढेही उघड होत नाही. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरास सांगितलेले मात्र न्यायालयापर्यंत पोहोचते. म्हणून चांगला डॉक्टर तपासणीच्या आरंभीच आरोपीस तशी कल्पना देतो.

तिसरा खटला २०१९ सालचा. त्यात सर्वोच्च न्यायालयानेच आरोपीचे नाव गुप्त ठेवले. निकालपत्रात त्यास केवळ एका अक्षराने संबोधले आहे. दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांची हत्या केल्याबद्दल महाराष्ट्रातील या इसमास फाशीची शिक्षा झालेली होती. कृत्याच्या वेळी तो शुद्धीवर होता. परंतु फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे काढताना त्यास तीव्र मानसिक आजार जडला. आपणास का मारले जात आहे हे ज्यास कळत नाही, त्यास फासावर देऊन कोणता हेतू साधणार? न्यायालयाने त्याची फाशी रद्द केली. मात्र त्यास मोकळे सोडले नाही. उरलेले सारे आयुष्य बंदिवासात आणि तेथे योग्य उपचार, असा तो निर्णय होता. न्यायाला दयेची जोड देता येते आणि तरीही न्याय दुबळा होत नाही, याचे हे उदाहरण होय.

सुटका म्हणजे मोकळीक नव्हे

"वेडा ठरला म्हणजे सुटला" अशी एक समजूत गावोगाव आढळते. ती खरी नाही. विकल मनामुळे निर्दोष ठरलेल्या माणसाने ते कृत्य केले, हे न्यायालय नमूद करते. त्यानंतर त्यास सुरक्षित जागी ठेवले जाते, किंवा तो स्वतःस अथवा इतरांस इजा करणार नाही अशी हमी नातलगांनी दिल्यावरच त्यांच्या हवाली केले जाते. खटला समजण्याची शक्तीच आरोपीत नसेल, तर खटला थांबवून त्यावर उपचार केले जातात.

खरा धोका निराळाच आहे. असा माणूस सुटण्याऐवजी विसरला जातो. १९८२ साली वीणा सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारमधील हजारीबाग तुरुंगातील बंदिवानांची हकीकत आली. वेडे म्हणून ठेवलेले हे लोक बरे झाल्यावरही तेथेच पडून होते. काही तर तीस वर्षांहूनही अधिक काळ. न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. आसामातील मचांग लालुंग यांची कथा याहून हृदयद्रावक आहे. १९५१ साली अटक झालेल्या या तरुणास तेजपूरच्या मानसिक रुग्णालयात पाठवण्यात आले. पुढे ते बरे असल्याचे डॉक्टरांनी कळवले. तरीही त्यांची सुटका झाली २००५ साली, चोपन्न वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. त्यांचा खटला कधी चाललाच नव्हता.

ज्याची चौकशी करण्यास घरचे कोणी येत नाही, त्याचा कागद सर्वांत खाली जातो. तुरुंगाच्या दारी जाऊन नातलगाची विचारपूस करणे ही केवळ मायेची गोष्ट नव्हे. त्याच्या सुटकेचा मार्गही कित्येकदा तेथूनच सुरू होतो. अखेरच्या न्यायाच्या दिवशी बंदिवानांच्या भेटीविषयी प्रभू आपणांस विचारील, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचलेलेच आहे.

दोन गैरसमज

प्रत्येक गुन्हेगार आजारी असतो, हा पहिला गैरसमज. रागाने, लोभाने वा सूडाने केलेले कृत्य आजारात मोडत नाही. स्वखुशीने प्यालेल्या दारूच्या नशेचीही सबब चालत नाही. दुसऱ्याने कळू न देता अथवा जबरीने पाजली असेल, तरच कायदा निराळा विचार करतो. ज्यांच्या ठायी पश्चात्ताप वा सहानुभूती दिसत नाही अशा काही व्यक्तींस व्यक्तिमत्त्व विकार आहे असे डॉक्टर म्हणतात. तथापि त्यांची समज शाबूत असते, म्हणून ते कायद्यापुढे जबाबदारच राहतात.

आमच्याच मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यात, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धन्य सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग हा मनोरुग्ण नव्हता. सुपारी घेऊन त्याने ते कृत्य केले. पुढे सिस्टरांच्या कुटुंबाने त्यास क्षमा केली, त्यांच्या धाकट्या भगिनीने त्यास राखी बांधली आणि त्यासही पश्चात्ताप झाला. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. क्षमा ही अपराधासाठी असते. म्हणून प्रथम अपराध मान्य व्हावा लागतो. ज्याला काही कळतच नव्हते, त्यास क्षमेपूर्वी औषधाची गरज असते. अपराध्यास रोगी म्हणून सोडणे आणि रोग्यास अपराधी म्हणून ठेचणे, या दोन्हींत सत्याचा घात आहे.

प्रत्येक मनोरुग्ण घातकी असतो, हा दुसरा गैरसमज; तो पहिल्याहून क्रूर आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्यांची पाहणी झाली. प्रौढांपैकी शेकडा १०.६ लोकांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. म्हणजे आपल्या मिस्सेस येणाऱ्या दर दहा प्रौढांपैकी एखादा. हे सारे आपले शेजारी आहेत. त्यांतील बहुतेक कोणासही इजा करीत नाहीत, उलट पुष्कळदा तेच इतरांच्या मारहाणीस व फसवणुकीस बळी पडतात. उपचारांवाचून राहिलेला भ्रम आणि त्यात दारू वा गांजा यांची भर पडली, म्हणजे धोका वाढतो.

तुरुंगातील चित्र मात्र गंभीर आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी तेथील मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंदिवानांची पाहणी केली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. व्यसने वगळली तरीही शेकडा २७.६ जणांस मानसिक आजार आढळला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १०३ व्या कलमानुसार अशा बंदिवानास तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातील मनोविकार कक्षात किंवा बाहेरील मानसिक रुग्णालयात हलवले पाहिजे. उपचार हा त्याचा हक्क आहे.

कुटुंबाने काय करावे?

अशा दुर्घटना बहुधा पूर्वसूचना देऊन येतात. रात्र रात्र झोप नाही. कोणी नसता आवाज ऐकू येतात. "जेवणात विष कालवले आहे", "शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात", "पत्नी माझ्या जिवावर उठली आहे" अशा समजुती मनात घर करतात. माणूस स्वतःशी बोलतो, नाहणे-खाणे सोडतो. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत एखाद्या स्त्रीस बाळाविषयी भलतेसलते भास होऊ लागतात. अशा वेळी वाद घालू नये, चेष्टा करू नये, एकट्यास सोडू नये. कोयता, कुऱ्हाड, विळा, कीटकनाशके दृष्टीआड ठेवावीत आणि विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे.

भगताच्या दारी जाऊन दिवस दवडू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे वा मारझोड करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपण प्रार्थना अवश्य करावी, धर्मगुरूंचा आशीर्वाद अवश्य घ्यावा. परंतु प्रार्थना हे औषध टाळण्याचे निमित्त नव्हे. मोडलेल्या हाडासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालतो. मनाचेही तसेच आहे.

आनंदनगरच्या आमच्या वाचकांस साकेतनगरातील एम्स जवळ आहे. शहरात हमीदिया रुग्णालय आहे. ग्वाल्हेर व इंदूर येथे मानसिक रुग्णालये आहेत. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो.

उपचारांचा प्रत्येक कागद जपून ठेवावा : केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, दाखल केल्याच्या नोंदी. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याविना औषध बंद करू नये. जुना भ्रम परतण्याचे ते एक मोठे कारण आहे. लोक काय म्हणतील या भयाने आजार लपवला, तर औषधही मिळत नाही आणि पुढे पुरावाही उरत नाही.

दुर्दैवाने काही घडलेच, तर पोलिसांना आजाराची माहिती लगेच द्यावी आणि वकिलास पहिल्याच भेटीत कागद दाखवावेत. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते; त्यासाठी देशभर १५१०० हा क्रमांक आहे. न्यायालयापुढे आजार वाढवून सांगू नये आणि लपवूही नये.

दुसऱ्या घराचे अश्रू

मृताच्या घराचा विसर पडू देऊन चालणार नाही. ज्यांची लेक, ज्यांचा पिता, ज्यांचे मूल गेले, त्यांस "मारणारा आजारी होता" एवढ्याने सांत्वन होत नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्यांचा संताप पाप नव्हे. धर्मग्रामातील माणसांनी त्यांच्या दारी जावे, उपदेश न करता बसावे, घरातील कामे उचलावीत, मृतात्म्यासाठी मिस्सा अर्पण करावी. क्षमेची घाई त्यांच्यावर लादू नये; ती देवाच्या कृपेने तिच्या वेळी येते.

आणि बहुतेक वेळा ही दोन घरे एकच असतात. पोलीस शिपायाच्या खटल्यात पत्नी मृत्यूने गेली आणि पती आजाराने व तुरुंगाने. अशा घरातील मुलांस गावाने "खुन्याची मुले" म्हणून हिणवणे हा तिसरा घात होय. त्यांना शाळेत, खेळात, धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांसारखेच वागवले पाहिजे.

ग्रॅनाडा नगरीत सोळाव्या शतकात देवाचे संत योहान यांना लोकांनी वेडे समजून रुग्णालयात कोंडले होते. तेथे वेड्यांवर फटक्यांचा उपचार चाले. तो त्यांनी स्वतः भोगला. बाहेर आल्यावर त्यांनी गरीब रुग्णांसाठी स्वतःचे रुग्णालय काढले आणि ख्रिस्तसभेने पुढे त्यांस रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते मानले. शुभवर्तमानातील गरसेकरांच्या प्रदेशातील तो मनुष्यही आपण जाणतो. लोकांनी त्यास साखळदंडांनी बांधून पाहिले होते, आणि तो कबरींमध्ये ओरडत फिरे. गावाला त्याचे भय तेवढे ठाऊक होते. प्रभू येशूने त्यास त्याचे नाव विचारले. अखेर तो वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला लोकांनी पाहिला, आणि प्रभूने त्यास परत त्याच्या घरच्यांकडे पाठवले.

घरी पाठवणे हा उपचाराचा शेवटचा भाग आहे, आणि तो डॉक्टर वा न्यायाधीश पुरा करू शकत नाहीत. बरा होऊन परतणाऱ्या माणसास औषध वेळेवर देणारे, त्याच्याशी साधेपणाने बोलणारे आणि त्यास कामास लावणारे घर लागते. त्या घरास आधार देणारे शेजारी लागतात. आपल्या धर्मग्रामात असे एखादे कुटुंब असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन यावे, अशी आमची वाचकांस कळकळीची विनंती आहे.